लॅकॉकला जा, पण त्या खिडकीसाठी

इंग्लंडच्या विल्टशरमधल्या लॅकॉक गावाला येणारी बरीच मंडळी थेट ॲबीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या, ओवऱ्यांकडे धावतात, कारण तिथे हॅरी पॉटरच्या चित्रपटांचं चित्रीकरण झालं. धावोत बापडी. माझी उमेदीची वर्षं स्टुडिओच्या डार्करूममध्ये, हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, वासात गेली. मला ओढ होती ती वरच्या दालनातल्या एका खिडकीची.

१८३५ च्या ऑगस्टमध्ये छायाचित्रणाचे एक जनक आणि या घराचे मालक हेन्री फॉक्स टालबट यांनी मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेला कागद लाकडी पेटीत, म्हणजे त्यांच्या छोट्या कॅमेऱ्यात, घालून त्या खिडकीचं निगेटिव्ह घेतलं. टिकून राहिलेलं जगातलं सर्वांत जुनं निगेटिव्ह ते हेच, साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढं. भिंगातून पाहिलं तर जाळीच्या सुमारे २०० काचा मोजता येत, अशी नोंद त्यांनीच करून ठेवलीय. त्या पेट्यांना बायको कॉन्स्टन्स उंदराचे सापळे म्हणायची! आम्ही प्रत्येक शिकाऊ पोराला बजवायचो, उजेडाकडे तोंड करून फोटो काढू नकोस. इथे खोलीत उभं राहिलं की कळतं, टालबटनी नेमकं तेच केलं. मूळ कागद मात्र इथे नाही, तो सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. फाटकाजवळचं छायाचित्रणाचं संग्रहालय चुकवू नका.

ॲबी १२३२ ची, सॅल्सबरीची काउंटेस इला हिने स्थापन केलेली. आठव्या हेन्रीने मठ बंद केल्यावर विल्यम शॅरिंग्टनने ती विकत घेऊन घर केलं. हा गृहस्थ पुढे ब्रिस्टलच्या टांकसाळीतल्या अफरातफरीत अडकला. चर्च त्याने पाडलं, ओवऱ्या राखल्या, म्हणून आज चित्रपटवाल्यांची सोय झाली.

गाव म्हणजे जेमतेम चार रस्ते. टालबट यांची नात माटिल्डा टालबट यांनी १९४४ मध्ये ॲबीसकट ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिलं. घरांत आजही भाडेकरू राहतात, तेव्हा खिडक्यांतून डोकावू नका. चर्चला द्यायच्या दशमांशाचं धान्य साठवायचं चौदाव्या शतकातलं कोठार आणि त्याच्याजवळची दारुड्यांना डांबायची घुमटाकार कोठडी बघा. जॉर्ज इन या जुन्या पबमध्ये चुलीपाशी कुत्र्याने फिरवायचं चाक आहे, मांसाची सळई गरगरत ठेवायला. बिचारा कुत्रा.

रस्त्यांत फिरायला पैसे पडत नाहीत, ॲबी आणि संग्रहालयाला तिकीट आहे. चिपनमपर्यंत रेल्वे, पुढे बस. गाडी असेल तर गावाबाहेरच्या तळावर लावा. जुन्या भिंतींपुढे उभ्या केलेल्या मोटारींनी माझ्या निम्म्या फ्रेमा खाल्ल्या.