एनटीपी, पीपीएस की पीटीपी? आधी वेळेचा शिक्का कुठं पडतो ते बघा

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये आम्ही स्पिंडलच्या दोन टोकांना कंपन मोजणारे दोन लिनक्स डबे, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, बसवले. पहिल्याच दिवशी मोटारीपासून लांबच्या डब्यात ठोका चार मिलिसेकंद आधी नोंदला गेला! वरातीमागून घोडं ऐकलं होतं, इथं ठोक्याआधी त्याचा धक्काच हजर. मेंटेनन्सच्या मामांनी बेअरिंगवर संशय घेतला. बेअरिंग ठणठणीत होतं, घड्याळं जुळत नव्हती.

स्पिंडल ३००० आरपीएमवर असेल तर एक फेरा २० मिलिसेकंदांचा. म्हणजे एका मिलिसेकंदाची चूक फेजमध्ये १८ अंशांना पडते. घड्याळं जुळवायची कुठली पद्धत घ्यायची ते या हिशेबावर ठरतं.

भट्टी कधी पेटली, ब्रेकर कधी ट्रिप झाला, एवढंच जुळवायचं असेल तर एनटीपी घ्या, म्हणजे नेटवर्कवरच्या सर्व्हरला वेळ विचारायची पद्धत; त्यासाठी क्रोनी हा प्रोग्राम टाका आणि विषय संपवा. २० पीपीएम (दहा लाखांत वीस) चुकणारा घड्याळाचा साधा क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतो; क्रोनी ते काही मिलिसेकंदांवर आणतो, लोकल सर्व्हर असेल तर त्याहून खाली. पण एनटीपी पॅकेट जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखाच धरतो. तो सारखा नसला की फरकाचा निम्मा भाग घड्याळात चूक म्हणून बसतो. आमचे दोन डबे दोन वेगळ्या ब्रॉडबँड लाइनींवर होते, आणखी काय सांगू.

पीपीएस म्हणजे जीपीएस मॉड्यूलची दर सेकंदाची पल्स थेट पिनवर घ्यायची. डबा एकच असेल, किंवा डबे लांबलांब विखुरलेले असतील, तर मला हाच पर्याय आवडतो. ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर हाताळणाऱ्या कोडमध्ये) इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरची हाक, आला की सगळ्यात आधी वेळ टिपायची, बाकीची कामं मागून. मग चूक बहुधा काही मायक्रोसेकंदांत राहते. टायमरला इनपुट कॅप्चर असेल तर त्याहून उत्तम, कारण काउंटर हार्डवेअरच टिपून ठेवतं आणि इंटरप्ट उशिरा आला तरी बिघडत नाही. अडचण अँटेनाची. पत्र्याच्या शेडखाली जीपीएस धरत नाही, वायर बाहेर काढावी लागते आणि आपल्याकडच्या पावसात कनेक्टर नीट सील नसेल तर पाणी शिरतंच.

एकाच शेडमधल्या अनेक डब्यांसाठी पीटीपी, म्हणजे नेटवर्कवरूनच पण जास्त अचूक वेळ जुळवायची पद्धत, मानक आयईईई १५८८. पहिलं मानक २००२ चं, आज जास्त चालतं ते २००८ चं. यात पॅकेट केबलवर चढताना-उतरताना नेटवर्क कार्ड स्वतःच्या घड्याळाने शिक्का मारतं, म्हणून सीपीयूची धांदल हिशेबात येत नाही. लिनक्समध्ये या घड्याळांची सोय कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.० पासून, म्हणजे २०११ पासून आहे. ड्रायव्हरने ते घड्याळ वाचून द्यायचं आणि त्याचा वेग कणभर कमीजास्त करायचा. किती, ते पीटीपी४एल हा प्रोग्राम सांगतो. मात्र साध्या स्विचमध्ये रांग लागली की उशीर तिथंच होतो, तेव्हा पीटीपी समजणारा स्विच लागतो.

पण स्विच सगळ्यात शेवटी घ्या. आधी नेटवर्क कार्डाची माहिती देणारी इथटूल कमांड कॅपिटल टी देऊन चालवा. हार्डवेअर क्लॉकपुढे ‘नन’ (नाही) आलं तर महागडा स्विच शोभेला राहील. कधी चिपमध्ये सोय असते, पण बोर्डासोबतच्या कर्नलमधला ड्रायव्हर ती उघडत नाही. विक्रेत्याला हे विचारा, ब्रोशरवर जाऊ नका. आणि पीएचसी२सिस (कार्डाच्या घड्याळाशी सिस्टमचं जुळवणारा प्रोग्राम) व क्रोनी दोघांनाही सिस्टमचं घड्याळ फिरवायला लावू नका, एका म्यानात दोन तलवारी होतात. घड्याळ ३७ सेकंद पुढं दिसलं तर घाबरू नका: पीटीपी टीएआय या अणुघड्याळांच्या वेळेवर चालतो, यूटीसी ही नेहमीची जागतिक वेळ २०१७ पासून त्याच्या ३७ सेकंद मागं आहे.

आम्ही शेवटी पीटीपी घेतला. दोन्ही घड्याळं एका मायक्रोसेकंदाच्या आत आली, तरी ठोक्यांत मिलिसेकंदभर फरक उरलाच! घड्याळ बरोबर होतं, पण कंपनाच्या प्रत्येक नमुन्यावर वेळ टाकत होता आमचा प्रोग्राम, बफर वाचून झाल्यावर. तो शिक्का ड्रायव्हरमध्ये एडीसीच्या (सिग्नलचा आकडा करणाऱ्या चिपच्या) डेटा-रेडी इंटरप्टवर नेला. त्या संध्याकाळी मोटारीकडचा ठोका पहिल्यांदा आधी आला, आणि मामांनी बेअरिंगचा डबा परत कपाटात ठेवला.