सुमो गोल्ड: 14 महिने, 19 हजार किलोमीटर आणि मागचं दार

एकोणीस दिवस माझ्या गाडीचं मागचं दार बैलाच्या कासऱ्यानं बांधलेलं होतं. परवा ते पुन्हा खटक्यावर लागलं, म्हणून आज लिहायला बसलोय.

गाडी टाटा सुमो गोल्ड, 2014 चं मॉडेल, नऊ सीटची. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी परभणीला 2 लाख 35 हजारांना घेतली. आम्ही सेलू तालुक्यातले, घरात दोन भावांची कुटुंबं आणि माय. इंजिनाबद्दल नवीन काय सांगायचं? तीन लिटरचं सीआर फोर, 85 अश्वशक्ती, सगळ्यांना माहीत आहे. शिवाररस्त्यावर काळ्या मातीत पाऊस पडला की बाकीच्या गाड्या डांबरी सडकेवर सोडून लोक पायी जातात, आमची हळूहळू का होईना वाड्यापर्यंत येते. मायलेज गावाकडं 11, मोठ्या रस्त्याला 13.5.

पहिले दोन महिने मात्र मी मनातून नाराज होतो. स्टिअरिंग जड, बाजारात गाडी वळवायला तीन वेळा मागं-पुढं करावं लागतं, आणि ऐंशीच्या पुढं आवाज एवढा की मागच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. त्यातच मेव्हण्यानं नवीकोरी सात सीटची गाडी घेतली. तिच्यात बसलो आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, आपण पैसे घालवले.

ते मत मायमुळं बदललं.

माय एकदा पडली, तेव्हापासून तिचा उजवा गुडघा वाकत नाही. ऑपरेशन झालं, चालते, पण पाय सरळच ठेवावा लागतो. मेव्हण्याच्या गाडीत मागं जायचं तर मधल्या सीटची पाठ पाडायची, मग अख्खी सीट पुढं उलटायची, आणि त्या वीतभर फटीतून नऊवारीतल्या बाईनं कमरेत वाकून आत शिरायचं. एकदा तिनं प्रयत्न केला. अर्ध्यात अडकली, लुगड्याचा काठ सीटच्या लोखंडात गुंतला, आणि ती काही न बोलता बाहेर आली. पुढच्या सीटवर बसवलं तर पाय लांब करायला जागा नाही. तासाभरात पाय सुजतो.

सुमोत मागचं दार बाजूला उघडतं, आत दोन्ही बाजूंना समोरासमोर आडवे बाक आहेत. खाली पायरी आहे. माय दांडी धरते, डावा पाय पायरीवर ठेवते, वळते, बाकावर टेकते, आणि मग तो सरळ पाय दोन्ही हातांनी उचलून समोरच्या बाकावर ठेवते. खाली वाकळीची घडी घातलेली असते. कुणी हात द्यायचा नाही, कुणी सीट पाडायची नाही. चैत्रात आम्ही माजलगाव, केज, कळंब करत तुळजापूरला गेलो, वाटेत येरमाळ्याला येडेश्वरीचं दर्शन घेतलं. एवढ्या प्रवासात माय चार वेळा उतरली आणि चार वेळा स्वतःहून चढली. ऑपरेशननंतर तिनं कुणालाही न बोलावता केलेली ही पहिली यात्रा. तेव्हापासून मला स्टिअरिंगचं काही वाटत नाही.

आता जे झालं तेही लिहिलंच पाहिजे, नाहीतर हा अनुभव अर्धा राहील. त्याच यात्रेवरून येताना केजच्या अलीकडं रानडुक्कर आडवं आलं. साठच्या आसपास होतो, जोरात ब्रेक मारला. मायनं दांडी धरली होती. धाकट्या भावाची मुलगी, पाच वर्षांची, आडव्या बाकावरून घसरून खाली आली आणि हनुवटी समोरच्या बाकाच्या कडेला आपटली. तीन टाके पडले. त्या रात्री मला झोप लागली नाही. आडव्या बाकावर माणूस पुढच्या धक्क्याला एका कुशीवर फेकला जातो, त्याला धरायला काही नसतं. तोवर मी सगळ्यांना सांगत होतो की ही बैठक सगळ्यात चांगली. आता तसं सांगत नाही.

मिस्त्री म्हणाला, दोन पट्टे ठोकून देतो, हजार रुपये द्या. मी नको म्हणालो. पत्र्याला ठोकलेला पट्टा खऱ्या धक्क्याला टिकत नाही, त्याचा जोर चासीवर जायला हवा, आणि ते काम गाडी बनवणाऱ्यानंच करायचं असतं. तेव्हापासून मुलं मधल्या सीटवर, बेल्ट लावून. मागं फक्त माय, आणि ती बसली की 50 च्या वर नेत नाही.

सुमो आता बनत नाही, आणि ती परत आणा असं काही जण म्हणतात. पुतणीचं असं झालं म्हणूनच माझी मागणी वेगळी आहे. सुमो जशीच्या तशी परत नको. मागचं दार तसंच द्या, पायरी तशीच द्या, पाय लांब करायला तेवढी जागा द्या, आणि तिथं कारखान्यातूनच पक्का पट्टा आणि एअरबॅग द्या. पैसे जास्त लागले तरी देऊ. लोक सांगतात, बोलेरो घ्या, तिच्यातही मागं आडव्या सीटा आहेत. बघून आलो. मागं दोघांचीच जागा, मायचा पाय तिरपा होतो. आमच्या नऊ जणांना दोन खेपा कराव्या लागतील.

1994 साली आलेली ही गाडी. टाटांच्या गाड्यांच्या कंपनीचे एकेकाळचे प्रमुख सुमंत मूळगावकर, त्यांच्या इंग्रजी नाव-आडनावातली दोन-दोन अक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलेलं. सुरक्षेचे नियम बदलले, 2020 च्या एप्रिलपासून बीएस सहा हा गाडीच्या धुराचा कडक नियम लागू होणार होता, आणि 2019 ला ती थांबली. नियमांबद्दल तक्रार नाही, पुतणीच्या हनुवटीकडं बघून तर नाहीच. पण सफारी हे नाव 2021 मध्ये नव्या गाडीवर परत आलं, सिएरा 2025 मध्ये आली. त्या गाड्या हौसेच्या. गावोगावी म्हाताऱ्या माणसांना देवाला आणि दवाखान्यात नेणारी गाडी तेवढी कुणाला आठवली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कासऱ्याचं. तुरीचे कट्टे भरताना एका कट्ट्याचं तोंड दारात अडकलं आणि पुतण्यानं जोर लावला. खटका मोडला. एका वर्कशॉपमध्ये गेलो, तिथला माणूस गाडीजवळही आला नाही, कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, पार्ट येत नाही, गाडी काढून टाका. दुसऱ्यानं अख्खं दार बदलायचे 14 हजार सांगितले. एका खटक्यासाठी! मी दोराला गाठ मारली आणि घरी आलो. त्या 19 दिवसांत मायला मागं बसवलं नाही. तिची दवाखान्याची तारीखही चुकली.

शेवटी एका ट्रकवाल्यानं जालन्याचं सुचवलं. तिथल्या लोखंडाच्या भट्ट्यांना कुठून कुठून भंगार येतं आणि त्याच्या सळया होतात. तीन गोदामं फिरल्यावर एक पांढरी सुमो गोल्ड दिसली, निम्मी कापलेली, इंजिन गेलेलं, चाकं गेलेली. मागचं दार मात्र बाजूला टेकवून ठेवलेलं. हँडल ओढलं, खटका मऊ चालला. आतल्या बाजूला देवीचा स्टिकर होता आणि पायरीची रबरी पट्टी मधोमध झिजून गुळगुळीत झालेली. तिथूनही कुणीतरी असंच वर्षानुवर्षं चढत असणार. मालकानं खटक्याचे 350 रुपये घेतले. ती पायरीही 250 ला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दार गाडीत भरून भट्टीला जाणार होतं.

खटका मिस्त्रीनं वीस मिनिटांत बसवला. परवा मायला घेऊन परभणीला दवाखान्यात जाऊन आलो. चढताना तिनं दार दोनदा उघडून लावून बघितलं.

आता मागच्या दाराचं रबर राहिलंय. कडेनं तुटलंय, फुफाटा आत येतो आणि मायला खोकला लागतो. 2012 ते 2016 मधल्या गोल्डचं रबर कुणाकडं असेल, जुनं असलं तरी चालेल, तर सांगा. सेलूपासून दीडशे किलोमीटरपर्यंत कुठंही स्वतः येऊन घेऊन जाईन.