सिमेंटचा पत्रा: रंगवून ठेवायचा की उतरवायचा?

कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या काकूंच्या माडीवर जुना सिमेंटचा पत्रा आहे. त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे बारीक तंतूंचं खनिज, असतं हे कळल्यापासून त्यांच्या जिवाला घोर लागलाय.

आधी धूळ, कारण खरा धोका तिथंच. तंतू श्वासातून आत गेले तर फुप्फुसाचा कॅन्सर कित्येक वर्षांनीही होऊ शकतो. रंगवताना पत्रा फुटत नाही, म्हणून धूळ कमी. मात्र शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा प्रेशर पंप अजिबात नको. उतरवताना जोखीम बरीच जास्त. गंजलेले हुक बोल्ट ग्राइंडरनं कापले, पत्रा हातोड्यानं फोडला की गल्लीभर तंतू उडतात. पाणी फवारून पत्रा ओला ठेवायचा, बोल्ट कटरनं तोडायचे, पत्रा अख्खा खाली घ्यायचा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, अगदी बारीक धूळ अडवणारा एफएफपी-३ मास्कच हवा. जुन्या पत्र्यावर थेट पाय तर देऊच नका, माणूस खाली जातो. तुकडे भरावात टाकू नका. विल्हेवाट कुठं लावायची ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात आधीच विचारा.

खर्चाला रंग स्वस्त, पण आपल्याकडच्या पावसात तो टिकून टिकणार किती? पुन्हा मारावाच लागतो. उतरवायला मजुरी, वाहतूक, नवं छत, सगळंच आलं, पण एकदाच.

पत्रा अख्खा असेल, वर कुणी चढत नसेल, तर रंगवून ठेवा आणि त्याला भोक पाडू नका. तडे गेलेत, कडा भुगा होऊन गळतायत किंवा माडी वाढवायचीय, तर उतरवाच, तेही जाणत्या माणसांकडून आणि पावसाळ्याआधी. काकूंच्या पत्र्याच्या कडा झडतायत, त्यामुळं त्यांना मी उतरवायलाच सांगितलंय.