बायोटिनची गमी घ्यावी की ताट सुधारावं?

डेंग्यूतून उठून अडीच महिने झाले आणि माझ्या कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. बाथरूमची जाळी रोज तुंबायची. मैत्रिणीने बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) असलेल्या गमीची, म्हणजे चघळायच्या गोळ्यांची, बाटली आणून दिली आणि सासूबाईंनी त्याच दिवशी नारळाच्या पाण्यात अळीव भिजत घातले. दोन्हींतलं काय निवडावं, हा पेच ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी गमी. तोंडात टाकली की काम झालं, ही तिची जमेची बाजू खरीच. पण मोठ्या माणसाला दिवसाला ३० ते ४० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं, आणि ते अंडी, शेंगदाणे, डाळींतून सहसा मिळतं. बाजारातल्या कित्येक गोळ्यांत ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. कमतरता नसताना एवढं घेतल्याने केस वाढतात, याला भक्कम पुरावा नाही. मला त्याहून काळजीची वाटते ती दुसरी गोष्ट. जास्त बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यात करतात त्या ट्रोपोनिनच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, २०१७ सालीच तसा इशारा दिलाय. म्हणजे केस गळतात म्हणून थायरॉइड तपासायचं आणि गमीमुळेच रिपोर्ट चुकायचा! गमी चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा.

आता ताट. केस म्हणजे केराटिन, म्हणजे प्रथिनच. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या बाईला जवळजवळ ४६ ग्रॅम. सकाळी चहा-खारी आणि दुपारी पोळी-भाजी एवढ्यावर हा आकडा गाठणं अवघडच. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम मिळतात. अंडी चालत नसतील तर मटकीची उसळ, घट्ट वरण, दही, पनीर, सोयाबीन यांतलं काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात हवंच.

लोहाचं गणित त्याहून कठीण. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बायकांना दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. अळिवात लोह आहे, पण वनस्पतींमधलं लोह अंगी कमी लागतं. म्हणून उसळीवर लिंबू पिळा आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. अळिवाच्या लाडवात गूळ-खोबरं भरपूर असतं, त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांनी बेतानेच. गरोदरपणात अळीव देत नाहीत, बाळंतपणानंतर देतात.

घाई दोन्हीकडे उपयोगाची नाही. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. शिवाय तापानंतरची गळती बहुतेकांची सहाएक महिन्यांत आपोआप थांबते आणि श्रेय त्या वेळी हाताशी असलेल्या बाटलीला मिळतं. टाळूवर किंवा कपाळाच्या कडांना आनुवंशिक विरळपणा असेल, तर गमीही नको आणि लाडवाची आशाही नको, सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

माझं मत ताटाकडे, पण आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी १२ आणि थायरॉइड तपासून घ्या. माझं फेरिटिन फार कमी निघालं. तेवढी तूट एकट्या लाडवाने भरत नाही, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. बाटली मी परत केली. लाडू अजून चालू आहेत, आणि भांगाच्या कडेला दोन बोटं उंचीचे नवे केस ताठ उभे राहिलेत.