पाडव्याआधी भिंतींना चुना की डिस्टेंपर?

धुळ्याच्या वहिनी विचारत होत्या, गुढीपाडव्याआधी घर उजळायचंय, काय लावू?

खर्चात चुना केव्हाही स्वस्त, पण मेहनत जास्त. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, थोडी नीळ आणि डिंकाचं पाणी घालायचं. भिजताना तो खदखदतो, म्हणून लोखंडी पिंप घ्या आणि मुलांना लांब ठेवा. भिंतीवर मारलेला चुन्याचा ओला हात मळकट दिसतो. घाबरू नका, वाळला की भिंत पांढरीशुभ्र होते. डिस्टेंपरला पाणी मिसळलं की झालं, मात्र खाली प्रायमर हवा.

टिकण्यात डिस्टेंपर पुढे. चुना पाठ टेकली की कपड्याला लागतो, दरवर्षी नवा हात मागतो. पण ओलीच्या भिंतीवर डिस्टेंपरचे पोपडे निघतात. चुन्यातून ओल बाहेर पडते, बुरशीही कमी धरते. आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा चुना मारलेली गच्ची खरंच कमी तापते.

जुन्या डिस्टेंपरवर चुना धरत नाही, आधी खरवडा.

मातीच्या भिंतींचं धाब्याचं घर, ओलीची खोली, गच्ची यांना चुना. सिमेंटची कोरडी बैठक असेल आणि दरवर्षी वेळ मिळत नसेल, तर डिस्टेंपर.