टाकलेली पोस्ट काढायची झाली तर: मास्टोडॉन की ब्लूस्काय?

शेतकरी गटाचं खातं उघडायचंय, मास्टोडॉनवर उघडू की ब्लूस्कायवर (दोन्ही ट्विटरसारखी पोस्टी टाकायची ठिकाणं), असं हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं. दोन्ही मी वापरली आहेत, आता एकावरच टिकून आहे. लिहायला कुठे बरं वाटतं, आपल्यासारखी माणसं कुठे भेटतात, हे ज्याचं त्याला लवकरच कळतं. उशिरा कळून उपयोग नाही अशी एकच गोष्ट आहे: टाकलेली पोस्ट उद्या काढायची झाली तर ती कुठवर निघते, आणि काढायचा हक्क कुणाच्या हातात असतो. बाकी सगळं सोडून तेवढंच लिहितो. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट गेला की दोन्हीकडचं डिलीट सारखंच निकामी, तेही इथे धरत नाही.

मास्टोडॉन म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले, एकमेकांशी जोडलेले अनेक सर्व्हर; तिथे आपली पोस्ट एका जागी बसून राहत नाही. फॉलो करणारे ज्या ज्या सर्व्हरवर आहेत तिथे तिची प्रत जाते. आपण पोस्ट काढली की आपला सर्व्हर त्या सगळ्यांना ‘ही काढा’ असा निरोप धाडतो. हे सर्व्हर ज्या नियमावलीने एकमेकांशी बोलतात ती ॲक्टिव्हिटीपब २०१८ साली प्रमाण म्हणून मान्य झाली, तिच्यात या निरोपाची सोय आहे. तो पाळायला लावणारं मात्र कुणी नाही. तरी माझा अनुभव वाईट नव्हता. चहा पिऊन होईस्तोवर दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत बहुतेक वेळा गेलेली असायची.

शिवाय इथे पोस्ट दुरुस्त करता येते, आणि आमच्यासारख्यांना ही सोय काढण्याइतकीच कामाची. हिंगणघाटला कापसाचा सकाळचा भाव दुपारी तोच राहील असं कोण सांगणार? जुनी पोस्ट पुसून नवी टाकली तर जुनी ज्यांनी पुढे पाठवली त्यांना पत्ताच लागत नाही. मास्टोडॉनवर आकडा बदलला की ज्यांनी ती बूस्ट केली, म्हणजे पुढे पाठवली, त्यांना सूचना जाते, आणि आधी काय लिहिलं होतं तेही कुणालाही पाहता येतं. फक्त फॉलो करणाऱ्यांपुरती पोस्ट टाकता येते. जुन्या पोस्टी आपोआप काढायची सोय आहे, एका आठवड्यापासून दोन वर्षांपर्यंत मुदत लावता येते, आणि पिन केलेल्या किंवा फोटोच्या पोस्टी त्यातून वगळता येतात. भावाच्या पोस्टींना याहून सोयीचं मला काही सापडलं नाही.

ब्लूस्काय यात मागे आहे, हे सरळ मान्य केलेलं बरं. हे लिहितोय तोवर तिथे पोस्ट दुरुस्त करता येत नाही. पुसा आणि परत टाका. जे टाकाल ते जगजाहीर, मोजक्या लोकांपुरतं असं काही नाही. तुम्ही कुणाला ब्लॉक केलंय हेसुद्धा उघड असतं. लॉगिन न केलेल्यांना माझ्या पोस्टी दाखवू नका असं बटण आहे, पण ती बाकीच्या ॲपना केलेली विनंती आहे, कुलूप नव्हे. सगळ्या नव्या पोस्टींचा अखंड ओघ कुणालाही घेता येतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अशाच १० लाख पोस्टींचा संच हगिंग फेस या एआयचे माहितीसंच ठेवणाऱ्या संकेतस्थळावर चढवला गेला होता. ओरड झाल्यावर काढला. ज्यांनी तोवर उतरवून घेतला त्यांच्याकडे तो राहिलाच असणार. दुसऱ्याने आपली पोस्ट जोडून काही वाकडं लिहिलं तर तिथून आपली पोस्ट सोडवून घेता येते, ही सोय चांगली आहे. मास्टोडॉननेही ४.५ आवृत्तीत कोट (असं जोडून लिहिणं) कुणी करावं याचा ताबा लेखकाकडे दिला.

इथवर वाचून कुणीही मास्टोडॉनच घेईल. मीही तेच घेतलं होतं, एका लहान सर्व्हरवर. एक भला माणूस तो पदरमोड करून चालवायचा. नाव सांगत नाही, कारण त्याच्याबद्दल राग नाही. एके दिवशी सर्व्हर बंद, डोमेनही (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) गेलं. पोस्टी गेल्या त्याचं मला फार काही वाटलं नाही. अडचण अशी निघाली की त्या गेल्याच नव्हत्या. दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रती जशाच्या तशा, आमच्या नावासकट.

त्यात शेजारच्या काकूंचा फोटो होता. बोंडअळीने खाल्लेल्या पऱ्हाटीत उभ्या, आणि खाली त्यांच्याच तोंडचं कर्जाचं गाऱ्हाणं. टाकताना त्यांनीच ‘टाक बाबू, कळू दे सरकारला’ म्हटलं होतं. पुढे पोरीची सोयरीक निघाली. काकू घरी आल्या आणि म्हणाल्या, ‘बाबू, तो फोटो काढून टाक ना बाप्पा, सोयरे पाह्यतीन.’ मागणं किती साधं! आणि मला लॉगिन करायला जागाच उरली नव्हती.

माझा निर्णय इथे झाला, म्हणून जरा खोलात जातो. ‘ही काढा’ या निरोपावर सही लागते, आणि सहीची किल्ली असते सर्व्हरकडे. सर्व्हर गेला, किल्ली गेली. दुसऱ्या सर्व्हरवर नवं खातं उघडून ‘ती पोस्ट माझीच’ म्हणून काही होत नाही, आणि ते बरोबरच आहे; नाहीतर कुणीही कुणाच्याही पोस्टी पुसत सुटेल. नीट बंद करायची रीत मास्टोडॉनमध्ये आहे. चालवणाऱ्याने एक आज्ञा दिली की सगळ्या खात्यांच्या वतीने डिलीटचे निरोप जातात, फक्त ते पोचेपर्यंत सर्व्हर चालू ठेवावा लागतो. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीतले सर्व्हर बंद करण्याआधी किमान तीन महिने सूचना द्यायचं कबूल करतात. पण यादीबाहेरच्या, एका माणसाच्या खिशावर चालणाऱ्या सर्व्हरकडून ही अपेक्षा कशी धरायची? मग मी एकेका सर्व्हरच्या चालकाला ईमेल लिहीत बसलो. काहींनी लगेच काढलं, काहींचं उत्तर नाही, आणि एकाने विचारलं की तुम्हीच ते खातेदार याचा पुरावा काय. पुरावा होता त्या बंद सर्व्हरवर.

कायद्याचाही फारसा आधार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसून घ्यायचा हक्क आहे, पण माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला तो कायदा लागूच होत नाही.

ब्लूस्कायची मांडणी इथे वेगळी आहे. पोस्टी जिथे ठेवल्या ती जागा आणि आपली ओळख या दोन गोष्टी तिथे अलग आहेत. शेत मक्त्याने कुणालाही द्या, सातबारा आपल्याच नावावर राहतो, तसं. ओळखीचा एक कायमचा क्रमांक असतो, आणि तो सध्या कुठल्या सर्व्हरकडे बोट दाखवतो हे बदलता येतं. सर्व्हर बुडाला तरी स्वतःची रिकव्हरी की (ओळख परत ताब्यात घ्यायची गुप्त किल्ली) आधीच नोंदवलेली असेल तर ओळख दुसरीकडे नेता येते. पोस्टींचा साठा उतरवून ठेवला असेल तर तो तिथे चढवायचा आणि हवी ती पोस्ट काढायची. डिलीटवर सही पुन्हा आपली. मास्टोडॉनवर खातं हलवलं तर फॉलो करणारे सोबत येतात, पोस्टी मागेच राहतात, आणि जुना सर्व्हर जिवंत असेल तरच हे हलवणं जमतं.

यातही खोट आहेच. ती की बहुतेक जण नोंदवत नाहीत, कारण ॲपमध्ये त्याचं सरळ बटण नाही; ईमेलवर कोड मागवून थोडी तांत्रिक खटपट करावी लागते. उतरवलेल्या साठ्यात फोटो येत नाहीत, ते वेगळे जपावे लागतात. बहुतेकांची खाती अजून एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत, आणि ओळखीच्या क्रमांकांची नोंदवहीही तीच कंपनी सांभाळते, त्यामुळे विकेंद्रित हा शब्द तिथे जरा जपूनच वापरावा. तरी काकू पुन्हा दारात आल्या तर कुणाला ईमेल न लिहिता माझ्या हाताने काहीतरी करता येईल, एवढं मला पुरतं.

स्वतःच्या डोमेनवर स्वतःचाच मास्टोडॉन चालवला तर हा प्रश्न मिटतो, असं कुणी म्हणेल. मिटतो. पण रात्रीच्या लाइटीवर ओलीत करून आलेल्या माणसाने सकाळी सर्व्हरचे अपडेट पाहायचे, हे मला तरी झेपलं नसतं.

दोन्हीकडे दिसावं म्हणून ब्रिजी फेड हा पूल आहे. तो आपण चालू केला तरच चालतो, आणि डिलीटही पलीकडे नेतो. पण माणसांचे फोटो मी त्यावरून नेत नाही. साखळीत एक कडी वाढली की तुटायची जागाही वाढते. नोस्टर या तिसऱ्या जाळ्याबद्दल कुणी सुचवलं तर एवढंच: तिथे डिलीट ही मुळातच विनंती आहे, मानायची की नाही हे प्रत्येक रिले (तिथला सर्व्हर) आपलं आपण ठरवतो. किल्ली मात्र पूर्ण आपली. ज्याला काही काढायचंच नाही त्याला चालेल.

तेव्हा नुसते भाव, हवामान, रोगकिडीचे सल्ले टाकायचे असतील तर मास्टोडॉन घ्या, एखाद्या जुन्या, मोठ्या, अधिकृत यादीतल्या सर्व्हरवर. दुरुस्तीची सोय रोज कामी येईल. पोस्टीत गावची माणसं दिसणार असतील, त्यांची घरची गोष्ट येणार असेल, तर मी ब्लूस्काय सुचवीन, पण पहिली पोस्ट टाकायच्या आधी रिकव्हरी की नोंदवून. तालुक्याच्या एखाद्या पोराकडून करून घेतलं तरी हरकत नाही, की मात्र कागदावर लिहून गटाच्या कपाटात ठेवा. हँडलसाठी (खात्याच्या दिसणाऱ्या नावासाठी) गटाचं स्वतःचं डोमेन घेता आलं तर उत्तम. त्याचं वर्षाचं भाडं भरायचं राहिलं तर ब्लूस्कायवर हँडल जातं, ओळख आणि पोस्टी राहतात; मास्टोडॉन सर्व्हरचं डोमेन गेलं तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.