चलनावर ‘नावे’ लिहिलं होतं, आणि ते मी वाचलं होतं

3,62,000 रुपये. घराचं काम घेऊन अर्धवट टाकून पळालेल्या ठेकेदाराला मी दिलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात अजूनही कुणी तो मोठ्यानं उच्चारत नाही. वर सिमेंट-सळईचा दुकानदार मागतोय ते 1,43,850 वेगळे, आणि सेंट्रिंगवाल्याचं (स्लॅबखालचा साचा लावणाऱ्याचं) प्लेटांचं भाडं 11,400 तेही वेगळं. घराच्या मागच्या चार खणांवर आज छप्पर नाही, निळी ताडपत्री आहे. मृग तोंडावर आलाय.

आमचं घर सोलापुरात जुन्या पेठेत. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, त्यांनी बांधलेलं. पुढं स्लॅब आहे, मागं माळवद होतं. सागवानी तुळया, वर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहायचं, पण दर पावसाळ्यात तीन ठिकाणी गळायचं. आई 83 वर्षांची, गुडघे गेलेले, संडास अंगणाच्या टोकाला. मागचं माळवद उतरवून स्लॅब टाकायचा, आत कमोडचं संडास-बाथरूम काढायचं, ओटा आणि फरशी करायची एवढंच काम होतं. हौस म्हणून काढलेलं नव्हतं. आईला रात्री दोनदा उठवून अंगण ओलांडायला लागायचं, म्हणून काढलं.

हा ठेकेदार आमच्याच गल्लीत दोन घरं करून गेलेला. दोन्ही आजही नीट उभी आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण “चौकशी न करता दिलंत कसं?” असं जो तो विचारतो. चौकशी केली होती. दोन्ही घरांत जाऊन भिंतींना ओळंबा लावून पाहिला होता. पण त्यांचं पूर्ण झालं म्हणजे आपलंही होईल असं नसतं, हे मला आता कळलं. ही माणसं आधीची दोन कामं चांगली करून नाव कमावतात आणि मग एकदम चार-पाच कामं अंगावर घेऊन ह्याचा पैसा त्याला, त्याचा ह्याला फिरवतात. ज्याच्या वेळी चक्र थांबतं तो बुडतो.

380 चौरस फूट, मालासकट 4,85,000 ठरले. गड्ड्याची यात्रा उलगडली आणि 3 फेब्रुवारीला 25,000 विसार रोख दिला. 17 फेब्रुवारीला पाडकाम सुरू होताना 75,000, तेही रोख. मार्चच्या 14 तारखेला सळई-सिमेंटसाठी 1,10,000 मागितले. ‘यूपीआय’वरून एका दिवसात लाखाच्या वर जात नाही म्हणून त्या दिवशी 60,000 आणि दुसऱ्या दिवशी 50,000 पाठवले. नंबर त्याच्या मेहुण्याचा होता. “काका, माझं खातं जीएसटीच्या भानगडीत अडकलंय, ह्याच्यावर टाका.” 2 एप्रिलला स्लॅबच्या आधी 90,000. 9 एप्रिलला फरशीसाठी 62,000. ज्याच्याशी व्यवहार ठरला त्याच्या स्वतःच्या खात्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही खात्यावर एक रुपया टाकू नका. मेहुणा, भाऊ, बायको, कुणीही असो.

करार वहीच्या पानावर होता. त्याची सही, माझी सही. 500 रुपयांचा स्टॅम्प घेतला असता तर बरं झालं असतं. पण आमच्या पेठेत गवंड्याबरोबर स्टॅम्प कोण करतं? त्याच्या तोंडावर म्हणायचं कसं, की तुझ्यावर विश्वास नाही? तो रोज सकाळी आईच्या पाया पडून कामाला लागायचा. आई त्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायची. दोन महिने आमचा स्वयंपाक जिन्याखाली होता. शेगडी तिथंच, देव एका खोक्यात, अंथरुणं पुढच्या खोलीत एकावर एक. पाणी चार-पाच दिवसांनी येणार, त्यातलं निम्मं बांधकामाच्या पिंपात. ताटात रोज बारीक रेती लागायची. असल्या घरात माणसाला एकच ध्यास लागतो, एकदाचं हे उरकू दे. त्या घाईचाच त्यानं फायदा घेतला.

आता त्या दिवसाचं सांगतो.

18 मार्च. आईचं गुडघ्याचं दाखवायचं होतं, मी तिला घेऊन दवाखान्यात. दुपारी दीडच्या सुमाराला सिमेंटचा टेम्पो आला. घरी बायको एकटी, तिचा हात कणकेत. ड्रायव्हरनं चलन पुढं केलं आणि म्हणाला, “माल उतरलाय एवढी सही करा वहिनी.” तिनं केली. मी पाचला आलो तेव्हा गुलाबी चलन दिवाणावर होतं, एका कोपऱ्यावर कणकेचं बोट उमटलेलं. मी ते उचललं, चष्मा लावला आणि वाचलं. सिमेंट 50 पोती, दर 370. वर गिऱ्हाईक म्हणून आमचं आडनाव आणि आमचा पत्ता. खाली दोन रकाने. जमा कोरा. नावे 18,500.

मी एकतीस वर्षं एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिले. जमा आणि नावे हे दोन शब्द मी रोज शंभर वेळा लिहिले असतील. नावे म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. ज्या मालाचे पैसे मी तीन दिवसांपूर्वी दिलेत, तो माल माझ्याच आडनावावर उधार पडलाय, हे मला त्या क्षणी दिसलं. दिसलं नाही असं नाही. म्हणून तर संध्याकाळी त्याला विचारलं, “हे नावे कसं काय रे?”

तो हसला नाही, गडबडला नाही. वाळूची चाळणी खाली ठेवली, हात झटकले, चलन माझ्या हातातून घेऊन पाहिलं. “काका, ती त्यांच्या कॉम्प्युटरची पद्धत हाय. माल जिथं उतरतो त्याचं नाव येतं. पैसे मी कवाच दिलेत. उद्या पावती आणून देतो.” आणि मी “बरं” म्हणालो. चलनाला चिमटा लावून फायलीत ठेवलं.

दुकानाचा नंबर त्याच चलनावर छापलेला होता. एक फोन करायचा होता. 18 मार्चला तो केला असता तर 2 एप्रिलचे 90,000 आणि 9 एप्रिलचे 62,000, मिळून 1,52,000 माझ्या खात्यात राहिले असते. गेला महिनाभर मी रात्री उठून हीच बेरीज करतोय. बायको स्वतःला दोष देते, की सही मी केली. तिचा काही दोष नाही. तिनं उतरलेली पोती मोजून सही केली होती. वाचलं मी होतं.

माल आणतो त्या दुकानाला पैसे स्वतः द्या. ठेकेदार म्हणेल, माझं कमिशन बुडतं. कमिशन वेगळं द्या, पण दुकानात स्वतः जा आणि विचारा, की खातं कुणाच्या नावावर आहे, बाकी किती आहे.

पाडव्याची गुढी आम्ही सेंट्रिंगच्या बल्लीला बांधली होती. सळई बांधून झाली, स्लॅबची तारीख ठरली. मग तो म्हणाला, “पोरं जयंतीला गावी चाललीत, 14 एप्रिल झाला की भरू.” सोलापुरात जयंती किती मोठी असते ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं शंका घ्यायला जागा नव्हती. 16 तारखेला फोन लागला नाही. 17 ला घरी गेलो, भाड्याच्या खोलीला कुलूप. 18 ला सकाळी दोन बिगारी बायका दारात आल्या. त्यांची पाच दिवसांची मजुरी राहिली होती, दोघींची मिळून 4,000. त्या गावीबिवी कुठं गेलेल्या नव्हत्या. मी त्यांना पैसे दिले. त्यांचा काय गुन्हा? आणि 20 तारखेला दुकानाचा माणूस आला, हातात सात चलनं. एकूण 1,43,850, सगळी माझ्या नावे.

सातपैकी चार चलनांवर बायकोची सही. बाकी तीन चलनांवर कुणाचं तरी फराटं, आणि तो माल आमच्या घरी आलेलाच नाही. चलनांवर 140 पोती. आमच्याकडं उतरली 50, त्यातली 39 वापरली आणि 11 कोपऱ्यात पडून आहेत. सळई चलनांवर 900 किलो. मी सेंट्रिंगवर चढून बांधलेल्या सगळ्या सळया टेपनं मोजल्या. हे गणित बांधकाम काढणाऱ्या प्रत्येकाला पाठ असायला हवं: सळईच्या मिलिमीटरचा वर्ग करा, 162 नं भागा, एका मीटरचं वजन किलोत येतं. 8 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई 4.74 किलो भरते. ह्या हिशेबानं आमच्या छतावर आहे 506 किलो. बाकीची 394 किलो कुणाच्या स्लॅबमध्ये गेली देव जाणे. सळई भारा बघून उतरवून घेऊ नका. नग मोजा, किंवा वजनकाट्याची चिठ्ठी मागा.

आणि तुळया. अकरा सागवानी तुळया आणि तीन खांब. “वाळवी लागलीय काका, जळणाचंच हाय, ट्रॅक्टरचं भाडं पण घेत नाही तुमच्याकडून.” मी त्याचे आभार मानले होते. आता लाकडाच्या वखारीत विचारलं तर जुनं सागवान घनफुटाला दोन हजारांच्या खाली नाही. आमचं साडेसव्वीस घनफूट तरी होतं, म्हणजे 53,000. एका तुळईवर वडिलांनी कोरलेलं स्वस्तिक होतं. तीही गेली. माळवद उतरवणार असाल तर लाकूड आधी वखारवाल्याला दाखवा, मगच घराबाहेर जाऊ द्या.

आता पोलिसांचं. 22 एप्रिलला पहिल्यांदा गेलो. साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी एका हवालदारानं उभ्याउभ्या ऐकलं आणि म्हणाला, “ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.” तिसऱ्या वेळी सांगितलं, तो राहतो त्या हद्दीतल्या ठाण्यात जा. तिथं गेलो तर म्हणाले, व्यवहार तुमच्या घरी झाला, तिकडंच जा. 41 अंशांच्या उन्हात मी ह्या दोन ठाण्यांमध्ये आठ चकरा मारल्या. एकदा दीड तास बाकावर बसवून विचारलं, “एवढे शिकलेले, हिशेबाचं काम केलेले, आणि वहीच्या पानावर लाखांचा व्यवहार?” समोर चार माणसं बसलेली. मी चोर असल्यासारखी मान खाली घातली. ज्यानं फसवलं त्याला एक फोन लावायला ह्यांना वेळ नव्हता. अर्जाची पोच मागितली तर “पोच मिळत नाही” म्हणाले. शेवटी अदखलपात्र म्हणून एक कागद हातात दिला.

वकिलाकडून कळलं ते असं. 1 जुलै 2024 पासून 420 ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 नं घेतलीय. सुरुवातीपासून फसवायचा इरादा दिसत असेल तर ते दिवाणी म्हणून झटकता येत नाही. आमची ती तीन खोटी चलनं काय दाखवतात? हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घ्यावी लागते, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे. घेतली नाही तर वरच्या अधिकाऱ्याला पोस्टानं पाठवता येते, नंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडं जाता येतं. हे मला ठाण्यातल्या एकानंही सांगितलं नाही. मी पोस्टानं पाठवलंय, पोस्टाची पोच माझ्याकडं आहे. अर्ज हातोहात देत बसू नका, पोस्टानं पाठवा.

बँकेत गेलो. पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही, मेहुण्याचा पत्ताही सांगता येत नाही. वॉर्डातल्या एका पुढाऱ्याकडं गेलो, तो म्हणाला निम्म्यात मिटवा. कुणाबरोबर मिटवू? माणूसच नाही. इंजिनिअरला आणून दाखवलं, त्याच्या मते घरात मजुरीचं म्हणून फार तर 78,000 चं काम झालंय. म्हणजे नुसत्या त्याच्याकडंच 2,84,000 गेले.

दुकानदाराला मी लिहून दिलंय, की उतरलेल्या मालाचे दराप्रमाणे 72,922 होतात. तेही खरं तर मी एकदा दिलेले आहेत, तरी देतो, पण न आलेल्या मालाचा एक पैसाही देणार नाही. तो ऐकत नाही, त्याचा माणूस दर सोमवारी कट्ट्यावर येऊन बसतो. ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. घराचं बांधकाम ही त्या कायद्यात सेवा धरली जाते. फक्त कागद पाहिजेत. रोख दिलेल्या माझ्या 1,00,000 रुपयांना वहीतल्या त्याच्या दोन सह्यांशिवाय पुरावा नाही. रोख देऊ नका.

उरलेल्या 11 पोत्यांवर उत्पादनाचा आठवडा आणि साल छापलंय, ते बघून ठेवलंय. तीन महिने उलटून गेलेलं सिमेंट स्लॅबला नको, असं नवा गवंडी म्हणतो, आणि ह्यातली चार पोती दगड झालीत. ती चार सोडून बाकीची बाथरूमच्या गिलाव्याला घेऊ. स्लॅबसाठी मुलानं पुण्याहून कर्ज काढून पैसे पाठवलेत. ते घेताना मला त्याच्याशी फोनवर धड बोलता आलं नाही.

ह्याच माणसानं फसवलेली आणखी दोन घरं मला ह्या महिन्यात सापडली. एक विजापूर रोडला, एक होटगी रोडला. एकाच्या चलनावर तेच फराटं आहे, जे माझ्या तीन चलनांवर आहे. आम्ही तिघं पुढच्या आठवड्यात एकत्र वरच्या अधिकाऱ्यांकडं जाणार आहोत. सोलापुरात आणखी कुणाच्या दारात असा दुकानदार येऊन उभा राहिला असेल तर लाजेनं गप्प बसू नका, मीही महिनाभर चारचौघांत बोललो नव्हतो. चलनांच्या झेरॉक्स आणि पैसे पाठवल्याचे पुरावे घेऊन आमच्याबरोबर या.